ओंजळ आणि पळी : एका उजव्या हाताचा प्रकरण अभ्यास

मागच्या चतुर्थीला मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका घरात आरती आटोपल्यावर आजोबा सर्वांना तीर्थ देत होते. सहा वर्षांच्या नातीने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. ओंजळ नीट जुळलेली होती आणि तीर्थाचा थेंबही खाली पडला नाही. मग आजीने हौसेने पंचपात्र तिच्या उजव्या हातात व पळी डाव्या हातात दिली आणि म्हटले, "आता तू दी गो बाय सगळ्यांका." तिने डाव्या हाताने पळी भरली, उचलली आणि समोरच्या तळहातावर कलती केली. त्याच क्षणी तिचे उजवे मनगटही आरशातल्यासारखे कलले, आणि पंचपात्रातले सगळे पाणी ओटीवर सांडले. पोरीचे लक्ष नाही, असे कोणीतरी म्हणाले. वास्तविक तिचे सगळे लक्ष तिथेच होते. मी त्या दिवशी केवळ गणपतीच्या दर्शनाला गेले होते, परंतु पाच वर्षांच्या तपासण्यांत जे पानोपानी लिहून ठेवले होते, ते सगळे त्या एका कृतीत समोर आले.

या मुलीला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, म्हणून या नोंदीतही ती बायच राहील. तिला उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या बाजूच्या हालचाली बिघडलेल्या आहेत. लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट या नात्याने मी तिला प्रथम तपासले तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. तिचा जन्म पूर्ण दिवसांचा, जन्मतः वजन २.८ किलो, रडणे लगेच, झटके नाहीत, काचेच्या पेटीत ठेवावे लागलेले नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास आईच्या लक्षात आले की उजव्या हाताची मूठ बहुधा मिटलेलीच असते, अंगठा मुठीच्या आत असतो, आणि खुळखुळा उजव्या बाजूला धरला तरी मुलगी डावा हात छातीवरून आडवा नेऊन तो पकडते. दाखवले तिथे "लहान आहे, होईल आपोआप" असे उत्तर मिळाले. घरात आजीचे निदान तयारच होते : "डावरी आसा ती, दुसरा काय नाय." आजोबाही डावखुरे, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

हा समज आपल्याकडे इतका सर्रास आढळतो की त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. पहिल्या वर्षात मूल दोन्ही हात जवळपास सारखेच वापरते. उजवे किंवा डावे असा कल साधारण दीड-दोन वर्षांनंतर ठरू लागतो. वर्षाच्या आत एखादे मूल ठामपणे एकच हात वापरत असेल, तर तो हात हुशार आहे असे न समजता दुसऱ्या हाताचे काय झाले आहे ते पाहायला हवे. बायच्या बाबतीत हे पाहिले अंगणवाडी सेविकेने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करते. सेविकेने आईला त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतले आणि पथकाने तिला पुढे पाठवले. मुठीकडे आईचे लक्ष गेल्यापासून इथवर यायला सहा महिने गेले होते.

चौदाव्या महिन्यात गोव्यात एम.आर.आय. झाला. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, मधल्या पोकळीला लागून, पाण्याने भरलेला एक खळगा दिसत होता; त्यावरचा करड्या पेशींचा थर मात्र शाबूत होता. हे चित्र ओळखीचे आहे. गर्भ साधारण ३४ आठवड्यांचा होईपर्यंत मेंदूच्या पोकळ्यांभोवती नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. तिथे रक्तस्राव झाला तर शेजारची शीर दाबली जाऊन तुंबते आणि तिच्या वाटेवरचा पांढरा भाग, म्हणजे वरून खाली जाणाऱ्या चेतातंतूंचा जुडगा, मरतो. पुढे बाळ पूर्ण दिवसांचे, रडणारे, दूध ओढणारे असे जन्माला येते. इजा आधीच होऊन गेलेली असते, आणि ती दिसू लागते ती हात वापरायची वेळ आल्यावर.

आईचा पहिला प्रश्न ग्रहणाचा होता. सातव्या महिन्यात ग्रहण लागले असताना तिने विळीवर भाजी चिरली होती आणि सासरकडच्या कोणीतरी ते तिला ऐकवले होते. दुसरा प्रश्न बाळंतपणात काही चूक झाली का, असा होता. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच होते आणि ते मी तिच्या सासूसमोर दिले, कारण ते तिला एकटीला देऊन काहीच उपयोग नव्हता. बाळंतपणाला दोष देण्याची सवय केवळ आपलीच नाही. लंडनचे विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये मुलांच्या अशा पांगळेपणाचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला आणि तेच मत पुढे रूढ झाले. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड तेव्हा मुलांच्या मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. काही मुलांत मूळ बिघाड गर्भातच झालेला असतो आणि अवघड प्रसूती हा त्याचा परिणाम असू शकतो, असे त्यांनी १८९७ च्या ग्रंथात मांडले. विळीवरच्या भाजीचा प्रश्न मात्र त्यांना कोणी विचारला नसावा.

आता पंचपात्र का कलले, ते पाहू. मेंदूच्या पृष्ठभागावरील हालचालींच्या पट्ट्यातून निघणारे तंतू मज्जारज्जूकडे उतरताना मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी बाजू बदलतात. मोठ्या माणसात साधारण ८५ ते ९० टक्के तंतू असे ओलांडून जातात, आणि म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. परंतु ही व्यवस्था जन्मतः पक्की नसते. गर्भात आणि नवजात बाळात प्रत्येक अर्ध्या मेंदूचे तंतू मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पोहोचलेले असतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जॅनेट आयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन स्नायूंचा प्रतिसाद मोजला, तेव्हा नवजात बाळात एका बाजूच्या स्पंदाला दोन्ही हात उत्तर देताना आढळले. पुढच्या दोन वर्षांत त्याच बाजूला उतरणारे तंतू मागे हटतात आणि ओलांडून आलेले जागा धरतात. हे मागे हटणे वापरावर ठरते : मज्जारज्जूतील एकाच पेशीवर दोन्हीकडचे तंतू हक्क सांगतात आणि ज्यांच्यातून संदेशांची ये-जा जास्त, ते टिकतात.

बायच्या डाव्या मेंदूचे बहुतेक तंतू खळग्यापाशी तुटले होते. त्यामुळे तिच्या उजव्या हाताच्या पेशींवर हक्क सांगायला मुख्यतः उजव्या मेंदूचे, एरवी मागे हटले असते असे तंतू उरले. ते हटले नाहीत. आज तिचा उजवा मेंदू डाव्या हाताबरोबर उजवा हातही चालवतो. पाट फुटला म्हणून शेजारच्या कुळागराच्या पाटातून पाणी घ्यावे, तसे हे आहे. पाणी पोहोचते, पण शेजाऱ्याने पाट सोडला की दोन्ही बागा भिजतात.

तिच्यावर चुंबकीय स्पंदाची चाचणी झालेली नाही. ती संशोधनाच्या ठिकाणी होते आणि तिच्या उपचारात त्याने बदल होणार नव्हता. माझा निष्कर्ष तिच्या हातांवरून काढलेला आहे. डाव्या हाताची बोटे एकेक करून अंगठ्याला लावायला सांगितली की उजव्या हाताची बोटे त्याच तालात आकसतात. उजवी मूठ उघडायला सांगितली की मांडीवर स्वस्थ पडलेला डावा हातही उघडतो. लहान मुलांत अशी प्रतिबिंब हालचाल थोडीफार असतेच आणि वयाबरोबर विरते; बायच्या बाबतीत ती ठळक आहे, दोन्ही दिशांनी आहे, आणि पाच वर्षांत विरलेली नाही. एकाच जागेवरून दोन हातांना हुकूम जात असल्याची ही जवळजवळ सही आहे.

या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाची वाटलेली नोंद मात्र हालचालीची नाही, स्पर्शाची आहे. ती पाच वर्षांची असताना मी तिचे डोळे रुमालाने बांधले आणि घरातल्याच तीन वस्तू आळीपाळीने तिच्या उजव्या हातात ठेवल्या : खाण्याच्या तिसऱ्यांची शिंपली, रातांब्याची वाळलेली बी आणि एक रुपयाचे नाणे. बोटे स्वतःहून वस्तू चाचपू शकत नाहीत, म्हणून वस्तू मीच तिच्या बोटांवरून फिरवत होते. तिने तिन्ही ओळखल्या. इतकेच नव्हे, तर शिंपलीच्या बाहेरच्या रेघा आणि आतली गुळगुळीत बाजू यांतला फरकही सांगितला. आजी चकित झाली, कारण तो हात ‘मेलेला’ असा तिचा समज होता.

याचा उलगडा काळाच्या हिशेबात आहे. हालचालीचे तंतू वरून खाली लवकर उतरू लागतात. स्पर्शाची वार्ता नेणारे तंतू थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी संवेदना पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून, मेंदूच्या पृष्ठभागाकडे गर्भाच्या शेवटच्या तिमाहीत चढतात, म्हणजे खळगा तयार झाल्यानंतर. वाटेत खळगा लागला की ते त्याला वळसा घालून आपल्या नेहमीच्या ठिकाणी, डाव्या मेंदूत, पोहोचू शकतात. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे मार्टिन श्टाउट यांच्या गटाने अशा मुलांत हा वळसा चित्रांवर दाखवला आहे. परिणामी बायच्या उजव्या हाताचा स्पर्श डाव्या मेंदूत नोंदला जातो आणि त्याच हाताची हालचाल उजव्या मेंदूतून निघते. जाणीव एका घरी आणि कारभार दुसऱ्या घरी, अशी ही विभागणी आहे. हीच इजा पूर्ण दिवस भरताना मोठ्या रोहिणीत गुठळी होऊन झाली असती तर बहुधा स्पर्शाची जागाही गेली असती. इजा केवढी यापेक्षा ती केव्हा झाली हे किती निर्णायक असते, ते यावरून कळते.

उपचारांत पहिली चूक माझीच होती. दीड वर्षाची असताना चांगला हात बांधून कमजोर हाताला काम करायला लावण्याची पद्धत मी सुरू केली. ही पद्धत चांगली आहे; स्वीडनमध्ये आन-क्रिस्टिन एलियासन यांनी ती लहान मुलांसाठी सौम्य केली आणि काही महिन्यांच्या बाळांतही ती वापरली जाते. बायच्या डाव्या हाताला रोज एक तास मऊ मोजा घातला जाई. पहिले दोन आठवडे ती केवळ रडली. नंतर उजव्या हाताने वस्तू ढकलणे, ओढणे, मनगटाने दाबणे आले, परंतु बोटे उघडण्यात म्हणावी तशी प्रगती नव्हती, आणि मोजा काढला की उजवा हात पुन्हा कडेला बसे. ट्यूबिंगेनमधील २००८ च्या एका अभ्यासात कमजोर हात त्याच बाजूच्या मेंदूवर अवलंबून असलेल्या मुलांचा तो हात या उपचारानंतर वेगवान होण्याऐवजी थोडा मंदच झालेला दिसला होता. तो मी तेव्हा वाचला असता तर दोन हातांच्या सरावाकडे लवकर वळले असते. तरी तो मोजा अगदीच वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात तिला उजवा हात आपला आहे हे कळले.

अडीच वर्षांनंतर आम्ही दोन्ही हातांच्या कामांवर भर दिला. न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू गॉर्डन आणि जीन चार्ल्स यांनी बसवलेल्या पद्धतीत मूल १५ दिवस रोज सहा तास, एकूण ९० तास, दोन हातांची कामे खेळत करते. किनाऱ्यावरच्या घराला ते शक्य नव्हते. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी शाकारलेली असते आणि बाबा घरी असतात. रोज दीड तास धरला तर ६० दिवसांत तेच ९० तास भरतात. पंधरा दिवसांच्या रेट्याची धार त्याला येत नाही, हे मान्य. पण सलग चार पावसाळे तो नेम चुकला नाही आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे ठरले.

कामे घरातलीच निवडली. ज्यांत दोन्ही हात एकच गोष्ट करतात ती सोपी गेली : भिजलेली चादर पिळताना टोके धरून ओढणे, परात दोन्ही कडांनी उचलणे, सुपात तांदूळ हलवणे. ज्यांत एक हात धरतो आणि दुसरा वेगळे काही करतो, तिथे पंचपात्राचा प्रकार होतो. झावळीचे हीर काढणे मी स्वतः सुचवले आणि दुसऱ्या दिवशी बंद केले, कारण डावा हात सुरी ओढू लागला की हीर धरलेला उजवा हात आवळे आणि सैल पडे. बाबा जाळे दुरुस्त करत बसत तेव्हा फाटलेली बाजू ताणून धरण्याचे काम बायला दिले. बोटांनी धरले की निसटे. आठवड्याभराने तिने आपणहून उपाय काढला : जाळ्याची कड तळहाताच्या टाचेखाली मांडीवर दाबायची आणि बोटांना कामातून सूट द्यायची. दबाव खांद्यातून येत होता, आणि खांद्यापाशी ही दुहेरी हुकमत बोटांइतकी अडचणीची नसते. तेव्हापासून नवे कोणतेही काम देताना ‘हे बोटांऐवजी हाताच्या कोणत्या भागाने धरता येईल’ हा प्रश्न मी आधी विचारते. अबोलीचा वळेसर (गजरा) करताना ती केळीच्या सोपाचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते. हे तिला आजीने दाखवले, मी नाही.

पायाबद्दल थोडक्यात. ती विसाव्या महिन्यात चालू लागली, उजवी टाच उचलून. घोट्याला प्लास्टिकचा आधार आहे आणि दर वर्षी तो बदलावा लागतो. पावसात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरते, आधारावर चप्पल बसत नाही, आणि जून ते सप्टेंबर तो बहुधा खुंटीवर असतो. यावर मला समाधानकारक तोड सापडलेली नाही.

शाळेत वेगळीच अडचण आली. बाय डाव्या हाताने लिहिते आणि लिहिताना उजव्या हाताची मूठ वळते. तो हात वहीवर असेल तर पान चुरगळते. पहिल्या सत्रात वह्यांबद्दल तिला बोलणी खावी लागली. मी शाळेत जाऊन बाईंना त्यांच्याच टेबलावर ते दाखवले : बायला अंक लिहायला सांगितले आणि उजव्या हाताखाली कागद ठेवला. पाच या अंकापर्यंत कागदाची घडी झाली. आता ती क्लिप असलेल्या पुठ्ठ्यावर लिहिते आणि उजव्या मुठीत चिंचोक्यांची छोटी पुरचुंडी असते. वळायचे तर त्यावर वळू दे.

"लहान आहे, मेंदू भरून काढेल" या वाक्याला शास्त्रीय वंशावळ आहे. अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले, तेव्हा पिल्लांचे नुकसान मोठ्या माकडांपेक्षा कमी दिसले. मात्र पिल्ले वाढताना ताठरपणा आणि अडचणी पुढे येतात, हेही त्यांच्याच नोंदींत आहे. लोकांनी पहिला अर्धा उचलला आणि दुसरा सोडला. जॉन मार्टिन यांच्या गटाने मांजराच्या पिल्लांत एका बाजूच्या मेंदूचे काम काही आठवडे औषधाने थांबवले, तेव्हा त्या बाजूचे तंतू कायमचे मागे पडले. नंतर लगेच दुसरी बाजू थांबवली, तेव्हा मागे पडलेले तंतू पुन्हा पसरले. मेंदू भरून काढतो, पण ज्या बाजूकडून ये-जा चालू आहे तिच्या बाजूने भरतो, आणि कोणत्या बाजूने ते पहिल्या महिन्यांत ठरत असते. बायच्या एम.आर.आय. मध्ये डाव्या बाजूचे थोडे तंतू खळग्याच्या पुढून जाताना दिसतात. पाचव्या महिन्यापासून अकराव्यापर्यंत उजव्या मुठीत कोणी काही ठेवले नाही, आणि ‘डावरी आसा’ या दोन शब्दांची किंमत मी त्या तंतूंत मोजते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश असल्याने तिचे प्रमाणपत्र झाले आहे. निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते, त्यातून थेरपीचा काही खर्च निघतो.

गेल्या तपासणीत बायने गणवेशाची पाचपैकी तीन बटणे स्वतः लावली. उजवा हात काजाची पट्टी पोटावर दाबून धरतो आणि डावा बटण सारतो. वरची दोन राहतात, कारण तिथे दाबायला पोट नाही. आईने विचारले, "स्वतःची वेणी घालील का कधी?" तीन पेड दोन हातांनी आळीपाळीने, डोक्यामागे, न पाहता वळणे : दोन हातांनी दोन वेगळी कामे करण्याचा याहून कठीण नमुना शोधूनही सापडणार नाही. मी नाही म्हणून सांगितले. बाय तिथेच बसली होती. तिने केस एका बाजूला खांद्यावरून पुढे घेतले, उजव्या मनगटाने छातीवर दाबून धरले आणि डाव्या हाताने रबर अडकवायचा प्रयत्न केला. रबर दोनदा उडून गेले, तिसऱ्यांदा बसले. वेणी नव्हे, पण पुढच्या जूनच्या यादीत आम्ही ते लिहून घेतले.